करडी, जवस आणि हैदराबादची प्रयोगशाळा
(जालना येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा छापील मजकूर)

१९६६ साली ऑस्ट्रेलियातल्या सिडनी शहरात एक प्रयोग सुरू झाला. हृदयविकाराचा त्रास नुकताच होऊन गेलेले ३० ते ५९ वयाचे ४५८ पुरुष त्यासाठी निवडले गेले. त्यांतल्या २२१ जणांच्या जेवणातून लोणी आणि प्राण्यांची चरबी कमी करण्यात आली. तिच्या जागी एक ठरावीक तेल आणि त्याच तेलाचं मार्गारिन देण्यात आलं. उरलेल्या २३७ जणांना आहाराबाबत काही खास सांगितलं नाही. तेल कोलेस्टेरॉल उतरवणारं होतं आणि रक्ततपासणीत ते उतरलंही. तरीही तेल खाणाऱ्या गटात १७.६ टक्के माणसं दगावली आणि दुसऱ्या गटात ११.८ टक्के.

ते तेल करडीचं होतं.

एकूण मृत्यूंचा हिशेब १९७८ साली प्रसिद्ध झाला, पण त्यांतले हृदयविकारानं किती गेले ते सांगायचं राहून गेलं. ती माहिती एका जुन्या चुंबकीय फितीवर पडून होती आणि ती फीत वाचणारी यंत्रंही कालबाह्य झाली होती. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतले ख्रिस्तोफर रॅम्सडेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या फितीतले आकडे पुन्हा मिळवले आणि २०१३ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये छापले. हृदयाच्या धमन्यांच्या विकारानं झालेले मृत्यू करडीच्या गटात १६.३ टक्के आणि दुसऱ्या गटात १०.१ टक्के होते.

ही गोष्ट सिडनीपेक्षा जालन्यात सांगायला हवी, कारण करडी आपल्या घरची आहे. रब्बी ज्वारीच्या शेताला कडेनं करडईचे पट्टे घालायचे, म्हणजे काट्यांमुळे जनावर आत शिरत नाही, ही मराठवाड्याची जुनी रीत. कोवळ्या पानांची भाजी, घाण्यावरचं तेल, उरलेली पेंड गुरांना. काढणीला हातापायांना फडकी गुंडाळून जाणारी मजुरांची टोळी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे पीक वेगळं समजावून सांगावं लागत नाही. परभणीच्या कृषी विद्यापीठाच्या ‘शारदा’ आणि ‘परभणी कुसुम’ या वाणांची नावं इथल्या शेतकऱ्याच्या तोंडी होती. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेनं बिनकाट्याची करडईही आणली. आणि शहरात हेच तेल ‘हृदयाचं तेल’ म्हणून दामदुप्पट भावानं बाटलीत बसलं.

मग करडी वाईट ठरली का? सिडनीच्या प्रयोगावरून घाईनं निवाडा करणारे दोन्ही बाजूंना आहेत. माणसं थोडी होती, सगळी आधीच आजारी होती, आणि त्या काळच्या मार्गारिनमध्ये आणखी काय काय होतं हा प्रश्न उरतोच. अमेरिकन हार्ट असोसिएशननं २००९ साली लिनोलेइक आम्लाची, म्हणजे करडीत भरपूर असणाऱ्या मेदाम्लाची, बाजू घेतली होती आणि हा वाद अजून मिटलेला नाही. पण मुळात प्रश्नच अर्धा विचारला जातो. तेल चांगलं की वाईट, एवढंच विचारतात. ते कोणाच्या ताटात पडतं आणि त्या ताटात आधीपासून काय आहे, हे कुणी विचारत नाही.

हा प्रश्न भारतात चिकाटीनं विचारणाऱ्या शास्त्रज्ञ म्हणजे डॉ. गफूरुन्निसा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेत त्यांनी आयुष्याचा मोठा काळ मेद आणि मेदाम्लांवर संशोधन केलं आणि त्या तिथं उपसंचालकपदापर्यंत पोचल्या. आज बोलायचं आहे ते त्यांच्या कामाविषयी.

थोडा इतिहास आधी. ही संस्था मुळात हैदराबादची नव्हे. रॉबर्ट मॅककॅरिसन या डॉक्टरांनी १९१८ साली निलगिरीतल्या कुन्नूरला बेरीबेरीच्या चौकशीसाठी एक छोटी प्रयोगशाळा थाटली. तीच वाढत वाढत १९५८ साली हैदराबादला आली आणि १९६९ साली तिला आजचं नाव मिळालं. जालना तोवर हैदराबाद राज्यातून बाहेर पडलं होतं. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत आपण मुंबई राज्यात आलो, आणि दोन वर्षांनी हैदराबादला ही संस्था आली. मनमाड ते काचीगुडा या रेल्वेमार्गावरचं आपलं स्टेशन मात्र तसंच राहिलं. जालन्याचा माणूस उपचाराला, शिक्षणाला, व्यापाराला त्या गाडीनं हैदराबादला जात राहिला. त्याच्याच ताटाचा हिशेब तारनाक्याच्या त्या इमारतीत मांडला जात होता, याची मात्र त्याला फारशी कल्पना नव्हती.

हा हिशेब समजण्यापुरतं रसायनशास्त्र थोडक्यात. कुठलंही तेल किंवा तूप हे मेदाम्लांचं मिश्रण असतं. त्यांतली बहुतेक शरीर स्वतः बनवू शकतं. दोन बनवता येत नाहीत, ती अन्नातूनच यावी लागतात. अमेरिकेत जॉर्ज आणि मिल्ड्रेड बर या दांपत्यानं १९२९ साली उंदरांना मेदरहित अन्न देऊन हे दाखवलं. उंदरांच्या शेपट्यांना खवले आले, वाढ खुंटली आणि थोडं लिनोलेइक आम्ल दिल्यावर ते सुधारले. हे लिनोलेइक ओमेगा-६ कुळातलं. दुसरं अल्फा-लिनोलेनिक, ते ओमेगा-३ कुळातलं. करडीच्या तेलात लिनोलेइक सुमारे ७५ टक्के असतं आणि दुसरं जवळजवळ नसतंच. शेंगदाण्याच्या तेलात लिनोलेइक तिसऱ्या हिश्शाच्या आसपास, सरकीच्या तेलात निम्म्याहून थोडं जास्त. सोयाबीनमध्येही निम्म्याहून जास्त, पण त्यासोबत अल्फा-लिनोलेनिक पाच ते सात टक्के. आणि जवसाच्या तेलात हे दुसरं आम्ल निम्म्यावर.

आता भाकरीकडे वळू.

भाकरीत तेल असतं, हे सांगितलं की लोक हसतात. पण असतं. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या जुन्या तक्त्यांत ज्वारीत १.९ टक्के मेद दिला आहे, बाजरीत ५, तूरडाळीत १.७, हरभरा डाळीत ५.६, शेंगदाण्यात ४०. मराठवाड्यातल्या एका साध्या जेवणाचा हिशेब करून पाहू. दिवसाकाठी ३०० ग्रॅम ज्वारीच्या पिठाच्या भाकरी म्हणजे साडेपाच-सहा ग्रॅम मेद. ६० ग्रॅम तूरडाळ, समजा बदनापूरच्या संशोधन केंद्राच्या वाणाची, तिच्यातून एक ग्रॅम. भाजीत आणि चटणीत मिळून २० ग्रॅम शेंगदाण्याचा कूट, म्हणजे आठ ग्रॅम. आणि म्हशीच्या दुधाचा एक पेला, म्हणजे आणखी नऊ-दहा ग्रॅम. फोडणीचा चमचा अजून डब्यात गेलेलाही नाही आणि पंचवीस ग्रॅमच्या आसपास मेद पोटात गेला. हिवाळ्यात ज्वारीच्या जागी बाजरी आली तर भाकरीतूनच पंधरा ग्रॅम.

याला पोषणशास्त्रात अदृश्य मेद म्हणतात. हैदराबादच्याच प्रादेशिक संशोधन प्रयोगशाळेत तेलबियांवर काम केलेले आणि भारतीय खाद्यसंस्कृतीचे इतिहासकार म्हणून नाव झालेले के. टी. अचया यांनीही त्यावर लिहिलं होतं. गफूरुन्निसांनी त्याचा मेदाम्लवार हिशेब लावला. धान्य, डाळी, भाज्या, दूध, मसाले यांतलं कुठलं मेदाम्ल किती, हे प्रयोगशाळेत तपासलं आणि राष्ट्रीय पोषण संनियंत्रण मंडळाच्या आहार-पाहण्यांतल्या आकड्यांशी ते जोडलं. निष्कर्ष पाश्चात्त्य पुस्तकांहून वेगळा निघाला. धान्यावर जगणाऱ्या माणसाला लिनोलेइक आम्ल धान्यातूनच बऱ्यापैकी मिळतं. टंचाई असते ती दुसऱ्या आम्लाची.

दिवसाला २,००० किलोकॅलरी खाणाऱ्या माणसाला लिनोलेइक आम्लातून तीन टक्के ऊर्जा पुरेशी धरली, तर ते साडेसहा-सात ग्रॅम होतं. करडीचं नऊ ग्रॅम तेल, म्हणजे दोन छोटे चमचे, एवढ्यावर काम भागतं. आणि त्यातला बराचसा वाटा भाकरीनं, शेंगदाण्यानं आधीच उचललेला असतो. आता एखाद्या घरात ‘हृदयाला चांगलं’ म्हणून माणशी ४० ग्रॅम करडीचं तेल रोज जात असेल तर? तीस ग्रॅम लिनोलेइक तेलातून, पाचेक ग्रॅम धान्य आणि शेंगदाण्यातून. २,००० किलोकॅलरीत हे पंधरा-सोळा टक्के भरतं. सिडनीच्या त्या रुग्णांना बहुअसंतृप्त मेद, म्हणजे लिनोलेइक ज्यात मोडतं तो मेद, पंधरा टक्क्यांवर नेऊन ठेवायला सांगितलं होतं. त्यांना मुद्दाम प्रयत्न करावा लागला. आपण भाकरी खाऊन, वर तेल ओतून सहज तिथं पोचतो.

करडीला १९६० च्या दशकात मोठं केलं ते अमेरिकन ताटानं. तिथं लोणी, चीज, गोमांस यांतून येणारी संतृप्त मेदाम्लं अमाप होती, लिनोलेइक कमी होतं. अशा ताटात करडीचं तेल ओतलं की रक्तातलं कोलेस्टेरॉल उतरत होतं. हा उपाय तिथल्या तक्रारीवरचा होता. तो जसाच्या तसा मुंबईच्या जाहिरातीत आणि तिथून आपल्या स्वयंपाकघरात आला. मधे कुणी विचारलं नाही की ज्वारीच्या ताटाची तक्रार तीच आहे का.

त्या काळात मुंबईतच एक वेगळा आवाज उठला होता. पश्चिम रेल्वेच्या वैद्यकीय सेवेतले डॉ. एस. एल. मल्होत्रा यांनी देशभरातल्या दहा लाखांहून अधिक रेल्वे कर्मचाऱ्यांच्या मृत्यूंचे आकडे गोळा केले आणि १९६७ साली ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये छापले. तूप-दूध खाणाऱ्या पंजाबी कर्मचाऱ्यांपेक्षा बियांचं तेल खाणाऱ्या दक्षिणेतल्या कर्मचाऱ्यांत हृदयविकारानं मरण्याचं प्रमाण सातपट होतं. तूपप्रेमी मंडळी हा निबंध आजही झेंड्यासारखा मिरवतात. तेवढा भार त्यावर टाकू नये. उत्तर आणि दक्षिणेत तेल सोडून इतर कितीतरी फरक होते, आणि अशा पाहणीतून कारण सिद्ध होत नाही. पण एवढं दिसलं की इंग्लंड-अमेरिकेचं सूत्र भारताला जसंच्या तसं लागू पडत नाही.

गफूरुन्निसांच्या कामातली आणखी एक गोष्ट आवर्जून सांगण्याजोगी आहे. पामतेल म्हटलं की आज सुशिक्षित घरात नाक मुरडलं जातं. १९९४ साली पामोलिनची आयात खुली झाली आणि गावोगावच्या हॉटेलांच्या कढयांत ते शिरलं. त्यात संतृप्त मेदाम्लं चाळीस टक्क्यांच्या पुढं. नेमकं त्याच सुमारास, १९९५ साली, गफूरुन्निसा आणि सहकाऱ्यांनी निरोगी भारतीयांना आळीपाळीनं पामोलिन आणि शेंगदाणा तेल देऊन केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. रक्तातले मेद आणि रक्तातल्या चपट्या पेशी एकत्र चिकटण्याची प्रवृत्ती, दोन्ही बाबतींत दोन्ही तेलांचा परिणाम सारखाच निघाला. धान्यप्रधान आहारात, माफक प्रमाणात, पामोलिननं शेंगदाण्यापेक्षा काही जास्त बिघडवलं नाही. हे निष्कर्ष ना शेंगदाणा तेलवाल्यांना आवडणारे होते, ना आरोग्याच्या नावानं कुठल्यातरी एका तेलाचा धंदा करणाऱ्यांना. एखाद्या तेलाची बाजू लढवायला निघालेली व्यक्ती असा प्रयोग हाती घेत नाही.

आता टंचाईच्या आम्लाकडे. शरीर अल्फा-लिनोलेनिकपासून ओमेगा-३ कुळातली लांब साखळीची आम्लं थोडीफार बनवतं. मेंदूला, डोळ्यांच्या पडद्याला, हृदयाला लागणारं डीएचए त्यांतलंच. माशांतून ते तयार मिळतं. पण भोकरदन-जाफराबादच्या किंवा मंठा-परतूरच्या घरात मासा रोज शिजत नाही, आणि अनेक घरांत तो कधीच शिजत नाही. म्हणजे भिस्त अल्फा-लिनोलेनिकवर. अडचण अशी की ओमेगा-६ आणि ओमेगा-३ या दोन्ही कुळांची पुढची प्रक्रिया एकच विकर करतं. एका गिरणीवर एकाच वेळी दोघांचं दळण आलं आणि एकाची पोती दहापट असली, तर दुसऱ्याचा पायली-दोन पायलीचा डबा संध्याकाळपर्यंत कोपऱ्यात पडून राहतो, तसं होतं. लिनोलेइक फार झालं की अल्फा-लिनोलेनिकचं रूपांतर मागं पडतं.

म्हणून राष्ट्रीय पोषण संस्थेचा सल्ला असा बनला की एकाच तेलावर राहू नये. शेंगदाणा, तीळ किंवा भाताच्या कोंड्याचं तेल वापरणाऱ्यानं त्याला सोयाबीन किंवा मोहरीच्या तेलाची जोड द्यावी. करडी किंवा सूर्यफुलाचं तेल वापरणाऱ्यानं ते एकटं न वापरता, लिनोलेइक कमी असलेल्या तेलाबरोबर वापरावं. गफूरुन्निसांनी शेंगदाणा आणि कॅनोला यांच्या मिश्र तेलाचे भारतीय माणसांवर परिणाम तपासले आणि ते काम २००२ साली छापून आलं. त्यानंतर उंदरांवर एक महत्त्वाचा प्रयोग झाला. भरपूर साखर खाऊ घातलेल्या उंदरांच्या आहारातलं लिनोलेइक काढून त्या जागी अल्फा-लिनोलेनिक दिलं, तेव्हा इन्सुलिनला मिळणारा प्रतिसाद सुधारला. २००५ साली तो निबंध आला.

उंदीर म्हणजे माणूस नव्हे, हे मान्य. पण इन्सुलिनचा मुद्दा महाराष्ट्राच्या अगदी जवळचा आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचा २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेला फोटो अनेकांनी पाहिला असेल. शेजारी उभे ब्रिटिश शास्त्रज्ञ जॉन युडकिन. दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. बाहेरून सडपातळ, आतून मेदयुक्त, असं हे भारतीय शरीर. त्याची सुरुवात आईच्या पोटातच होते, हे याज्ञिकांच्या पुणे परिसरातल्या सहा गावांमधल्या अभ्यासातून पुढं आलं. त्या गावांत पूर्ण दिवस भरलेल्या बाळांचं सरासरी जन्मवजन २,६६५ ग्रॅम होतं.

याच अभ्यासात, आघारकर संशोधन संस्थेच्या शोभा राव आणि सहकाऱ्यांनी ७९७ गरोदर बायकांचा आहार नोंदवला. बाळाच्या आकाराशी एकूण उष्मांक किंवा प्रथिनं यांचा संबंध जुळला नाही. जुळला तो अठराव्या आठवड्यात आईनं घेतलेल्या मेदाशी आणि दुधाशी, आणि पुढं हिरव्या पालेभाज्या, फळं यांच्याशी. म्हणजे ‘तेल कमी खा’ हा शहरी डॉक्टरचा सल्ला घनसावंगीच्या शेतमजूर गर्भवतीला तसाच देणं चुकीचं आहे. तिच्या ताटात मेद मुळातच थोडा आहे. पुण्याच्याच भारती विद्यापीठात डॉ. साधना जोशी यांच्या गटानं गरोदरपणातला रक्तदाब आणि मेदाम्लं यांचा संबंध अनेक वर्षं तपासला आहे. तिथंच डॉ. महाबळेश्वर हेगडे यांनी जवसाचा पाठपुरावा केला.

जवस तर आपलंच. हुरड्याच्या पंगतीत जवसाची चटणी नसेल तर तो हुरडा अपुरा मानणारी माणसं या सभागृहात बसली असतील. तव्यावर भाजायचं, सुकी मिरची, लसूण, मीठ घालून कुटायचं. पोषणाच्या दृष्टीनं या रीतीत एक शहाणपण आहे. अख्खं जवस पचत नाही, तसंच बाहेर पडतं. कुटल्यावरच आतलं तेल मोकळं होतं. कच्च्या जवसात सायनाइड सोडणारे घटक थोड्या प्रमाणात असतात, भाजल्यानं ते घटतात. जवसात ३७ टक्के तेल आणि त्या तेलात निम्मं अल्फा-लिनोलेनिक, म्हणजे सहा-सात ग्रॅम जवसात एक ग्रॅमहून जास्त. दिवसाची गरज एवढ्यात भागते. बाजरी, उडीद, मेथी, चाकवत यांतूनही ते थोडं थोडं मिळतं. जवसाचं तेल मात्र तळणीला वापरू नये. ते हवेनं लगेच खराब होतं. रंगाच्या कारखान्यात त्याला मागणी आहे ती याच गुणामुळे. चटणीही एकदाच महिन्याची कुटून ठेवण्यापेक्षा आठ-दहा दिवसांपुरती करावी.

तळणीची गोष्ट निघालीच तर थोडं तिच्यावर. करडीसारखं बहुअसंतृप्त तेल पुन्हा पुन्हा तापवलं की कढईच्या कडेला चिकट थर धरतं, तो तेल बिघडल्याचा पुरावा असतो. गफूरुन्निसा आणि त्यांच्या सहकारी हेमलता यांनी तिळातल्या लिग्नान या घटकांचा अभ्यास केला, तेव्हा ते घटक इतर तेलांना उष्णतेत टिकून राहायला मदत करतात असं दिसलं. तिळाचं तेल जुन्या लोणच्यांत का टिकतं, याचं उत्तर यात सापडतं. बसस्थानकासमोरच्या वड्याच्या कढईतलं तेल किती वेळा तापलं हे गिऱ्हाइकाला कळत नाही. कायद्यानं त्याची मर्यादा आहे: तेलातले ध्रुवीय घटक २५ टक्क्यांच्या वर गेले की ते टाकून द्यायचं, १ जुलै २०१८ पासून. तपासणारा माणूस कढईपर्यंत किती वेळा पोचतो, हा भाग वेगळा.

वनस्पती तुपाच्या बाबतीत गफूरुन्निसांनी अजिबात मवाळ भूमिका घेतली नाही. तेलाला हायड्रोजन देऊन गोठवताना ट्रान्स मेदाम्लं तयार होतात. त्यांच्या गटाच्या प्रयोगात ही आम्लं खाणाऱ्या उंदरांच्या मेदपेशींच्या आवरणाची घडण बदलली आणि इन्सुलिनला मिळणारा प्रतिसाद खालावला. खारी, टोस्ट, नानकटाई, स्वस्त मिठाई यांतून हे घटक मुलांच्या पोटात जात होते, आणि ‘डालडा’ हा तर घराघरातला शब्द. संशोधकांच्या या आग्रहाला कायद्याचं रूप यायला मात्र वेळ लागला. तेलातल्या ट्रान्स मेदाची मर्यादा आधी १० टक्के, मग ५, जानेवारी २०२१ मध्ये ३ आणि जानेवारी २०२२ मध्ये २ टक्के झाली.

जालन्याला या सगळ्यात एक खास जबाबदारी आहे, कारण देशाच्या शेतात काय पेरलं जावं हे ठरवण्यात या गावाचा वाटा आहे. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली इथं महिको ही बियाणे कंपनी सुरू केली आणि १९९८ साली त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. जालना बियाण्यांचं शहर झालं ते महिकोपासून. २००२ साली बीटी कापसाला परवानगी मिळाली, कापूस वाढला, त्याबरोबर सरकीचं तेल वाढलं. पुढं सोयाबीन आलं. सोयाबीनच्या तेलात अल्फा-लिनोलेनिक आहे, म्हणजे बाजारभावाच्या मागं धावताना पोषणाचा थोडा फायदा आपसूक पदरात पडला. तो कुणी ठरवून दिलेला नाही. करडई मात्र देशभर १९८० च्या दशकाच्या तुलनेत कितीतरी पटींनी आक्रसली. जवस शेताच्या एखाद्या ओळीत उरलं. हैदराबादच्या भारतीय तेलबिया संशोधन संस्थेनं आता ओलेइक आम्ल भरपूर आणि लिनोलेइक कमी असलेले करडईचे वाण तयार केले आहेत. लातूरच्या गळीतधान्य संशोधन केंद्राकडे जवसाचा ‘एलएसएल-९३’ हा वाण आहे. करडईवरचा जुना आक्षेप या नव्या वाणांनी बराचसा दूर होतो, आणि बियाण्याच्या या गावात ते शेतकऱ्यापर्यंत पोचत नसतील तर दोष संशोधनाचा नाही.

खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्रानं रब्बीच्या प्रात्यक्षिकांत जवस आणि नव्या करडईची जोड ओळ घ्यावी, अंगणवाडीच्या आहारात आठवड्यातून दोन दिवस जवसाची चटणी यावी, आणि जिल्ह्याच्या आरोग्य विभागानं गरोदर बायकांना तेल कमी करायला सांगण्याआधी त्यांच्या घरात तेल किती येतं ते विचारावं. यापैकी कशालाही मोठा निधी लागत नाही.

श्रोत्यांसाठी शेवटचा हिशेब. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं २०१० साली बैठं काम करणाऱ्या पुरुषाला दिवसाला २५ ग्रॅम आणि बाईला २० ग्रॅम वरचं तेल सांगितलं होतं. शेतात राबणाऱ्याला त्याहून जास्त. घरात पाच माणसं धरली आणि माणशी सरसकट २५ ग्रॅम पकडले, तर महिन्याला पावणेचार किलो होतं. म्हणजे १५ किलोचा डबा चार महिने पुरला पाहिजे. घरी गेल्यावर मागचा डबा कोणत्या महिन्यात फोडला होता, ते जरूर पाहावं.